करारांत न लिहिलेलें कलम

विद्वान मनुष्यानें नोकरीचा सौदा करावा, ही कल्पना आपल्या लोकांस फारशी रुचत नाहीं. विद्येला मोल नाहीं असें आपण अभिमानानें म्हणतों, आणि ज्यानें आपल्या विद्येचें मोल स्पष्ट शब्दांत सांगितलें त्याच्याकडे जरा खालच्या नजरेनें पाहतों. परंतु विद्वानासहि पोट असतें, बहिणींचीं लग्नें असतात, डोक्यावर कर्ज असतें. आणि विद्याव्यासंगास सर्वांत अवश्य अशी जी वस्तु, म्हणजे मोकळा वेळ, ती तर बहुधा पैशाच्याच बाजारांत विकत घ्यावी लागते. म्हणून थोर पुरुषांनीं आपल्या नोकऱ्या कशा मिळविल्या, मागतांना काय मागितलें आणि काय मागावयाचें राहून गेलें, हा इतिहासाचा भाग क्षुद्र मानण्याचें कारण नाहीं. या दृष्टीनें गॅलिलिओनें इ. स. १६१० मध्यें पत्करलेली नोकरी फार विचार करण्याजोगी आहे. त्याची दुर्बीण सर्वांस ठाऊक असते, रोम येथील खटलाहि ठाऊक असतो. परंतु दुर्बीण आणि खटला या दोहोंच्या मध्यें एक नोकरीचा करार उभा आहे, तिकडे लक्ष फारसें जात नाहीं.

गॅलिलिओचा जन्म १५६४ मध्यें पिसा येथें झाला. बाप विन्चेन्झो हा संगीतशास्त्रज्ञ; घरीं विद्या होती, द्रव्य नव्हतें. १५८९ मध्यें पिसाच्या विद्यापीठांत त्यास गणिताच्या अध्यापकाची जागा मिळाली. वेतन वर्षाला अवघे ६० स्कूदी. १५९१ मध्यें बाप वारला आणि थोरला मुलगा या नात्यानें सर्व कुटुंबाचा भार त्याच्यावर पडला. पुढल्याच वर्षीं तो व्हेनिसच्या गणराज्यांतील पदुआ विद्यापीठांत गेला. तेथें आरंभीं १८० फ्लॉरिन मिळत. १५९९ मध्यें त्यांचे ३२० झाले आणि १६०६ मध्यें ५२०. वेतन वाढत होतें खरें, पण खर्च त्याच्यापुढें धांवत होता. १६०१ मध्यें धाकट्या बहिणीचें लग्न ठरलें, तेव्हां हुंडा १८०० डुकातांचा होता. त्यांतील आपला वांटा देण्याचें धाकट्या भावानें कबूल केलें होतें. परंतु हा भाऊ वादक, त्याचें उत्पन्न अनिश्चित आणि वचन त्याहूनहि अनिश्चित. सर्व बोजा अखेरीस गॅलिलिओच्याच अंगावर आला. हुंड्यापायीं घरें कर्जांत बुडतात हा अनुभव केवळ आपल्याच समाजाचा आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं हें प्रकरण अवश्य पाहावें.

वेतन पुरत नसे म्हणून त्यानें जोडधंदे केले. श्रीमंत घरांतील परदेशी विद्यार्थी तो आपल्या घरीं ठेवून घेई, त्यांस जेवूं घाली आणि तटबंदीची विद्या, यंत्रशास्त्र वगैरे विषय फी घेऊन शिकवी. लष्करी कामास उपयोगी पडणारें एक गणिती कंपास-यंत्र त्यानें तयार केलें होतें. त्यासाठीं त्यानें १५९९ पासून घरींच एक कारागीर ठेवला होता. यंत्र विकावयाचें आणि तें वापरण्याची शिकवणीहि द्यावयाची असा हा व्यवहार होता. ज्याच्या डोक्यांत गतीचें नवें शास्त्र आकार घेत होतें, तो पुरुष दिवसाचे कित्येक तास अशा रीतीनें किरकोळींत विकीत होता. आमच्यासारखे ज्यांचें आयुष्य वर्ग, उत्तरपत्रिका आणि शिकवण्या यांत गेलें, त्यांस या स्थितीचें दुःख निराळें समजावून सांगावयास नको.

१६०९ च्या आरंभीं लिहिलेल्या एका पत्रांत गॅलिलिओनें आपल्या मनांतील हिशेब उघड केला आहे. त्याचा आशय असा : गणराज्य कितीहि वैभवशाली व उदार असलें तरी तें कोणास फुकट पोसणार नाहीं, जनतेचा पैसा घ्यावयाचा तर जनतेची चाकरी केली पाहिजे, आणि व्याख्यानें देण्याची शक्ति अंगांत आहे तोंवर त्या ओझ्यांतून सुटका नाहीं. पूर्ण मोकळीक द्यावयाची तर ती एकसत्ताधीश राजाच देऊं शकेल. या विचारांत चूक काढणें कठीण आहे. सार्वजनिक पैशाचा जाब द्यावा लागतो. राजाच्या पैशाचा जाब फक्त राजाला. त्याच्या मर्जीवर सर्व कांहीं चालतें म्हणूनच तो पूर्ण रजा देऊं शकतो. ज्या मर्जीनें रजा मिळते त्याच मर्जीवर मग सर्वस्व अवलंबून राहतें, हा त्याच नाण्याचा दुसरा छाप. तो मात्र या पत्रांत आढळत नाहीं.

त्याच वर्षीं दैव उघडलें. हॉलंडांत दूरचें जवळ दाखविणारी नळी निघाली आहे अशी बातमी कानीं येतांच गॅलिलिओनें स्वतः भिंगें घांसून तसली, परंतु पुष्कळ चांगली, दुर्बीण बनविली. ऑगस्ट १६०९ मध्यें व्हेनिसच्या सरदारांस त्यानें सेंट मार्कच्या मनोऱ्यावर नेऊन समुद्रांतील दूरचीं गलबतें दाखविलीं. नुसत्या डोळ्यांस दिसण्याच्या कितीतरी आधीं तीं दुर्बिणींतून दिसत. दर्यावर्दी राज्यास याचें मोल कोणी सांगावयास नको होतें. गॅलिलिओनें तें यंत्र दोजे लेओनार्दो दोनातो यास नजर केलें, आणि सीनेटनें त्याची नेमणूक तहहयात करून वेतन १००० फ्लॉरिन ठरविलें. गणिताच्या अध्यापकास हें वेतन असाधारण होतें. मात्र ठरावांत दोन अटी होत्या : वाढ चालू मुदत संपल्यावर लागू व्हावयाची, आणि पुढें आणखी वाढ मिळावयाची नाहीं. शिवाय शिकविण्याचें काम होतें तसेंच राहिलें. पगार वाढला, पण वेळ वाढला नाहीं. आणि गॅलिलिओला हवा होता तो वेळ.

त्याचें लक्ष फार दिवसांपासून आपल्या जन्मदेशाकडे, टस्कनीकडे, होतें. तेथील राजपुत्र कोझिमो यास त्यानें १६०५ च्या उन्हाळ्यांत गणित शिकविलें होतें आणि १६०६ मध्यें कंपास-यंत्रावरील पुस्तक त्यासच अर्पण केलें होतें. १६०९ मध्यें हा शिष्य ग्रँड ड्यूक झाला. जानेवारी १६१० मध्यें गॅलिलिओस गुरूच्या भोंवतीं फिरणारे चार चंद्र दिसले. ज्योतिःशास्त्राच्या इतिहासांत हा शोध केवढा मोठा, हें येथें सांगत बसण्याचें प्रयोजन नाहीं. नोकरीच्या इतिहासांतहि तो तितकाच मोठा ठरला. फेब्रुवारींत त्यानें ड्यूकचा चिटणीस बेलिझारियो व्हिंता यास पत्र लिहून विचारलें कीं, या ताऱ्यांस ड्यूकच्या एकट्याच्या नांवावरून ‘कॉस्मिक’ म्हणावें, कीं चौघां भावांचें स्मरण व्हावें म्हणून ‘मेदिची’ म्हणावें? उत्तर आलें, मेदिची म्हणावें. तोंवर पुस्तकाचा कांहीं भाग पहिल्या नांवानें छापून झाला होता. तेव्हां त्या जागीं दुसऱ्या नांवाची चिठ्ठी चिकटविण्यांत आली. मार्चमध्यें हें लहानसें पुस्तक ड्यूकला अर्पण होऊन बाहेर पडलें. आपल्याकडे राजांच्या नांवानें गांवें वसविलीं जात. गॅलिलिओनें राजाच्या कुळास आकाशांत चार वतनें दिलीं. बदल्यांत सोन्याची सांखळी मिळाली; पण त्याला हवी होती ती सनद.

७ मे १६१० रोजीं त्यानें व्हिंतास जें पत्र लिहिलें, तें नोकरीच्या वाटाघाटीचा नमुना म्हणून वाचण्यासारखें आहे. प्रथम तो आपली हल्लींची स्थिति सांगतो : येथें मला हजार फ्लॉरिन आहेत, तेहि जन्मभर, शिवाय खाजगी शिकवण्यांतून हवें तेवढें मिळवितां येतें. म्हणजे मी कांहीं गरजेपोटीं दारीं उभा नाहीं. मग वेतनाचा प्रश्न तो फार ताणीत नाहीं. मुख्य मागणी वेळेची करतो. शिकविण्याचें ओझें नको, आपले ग्रंथ पुरे करण्यास निवांतपणा हवा; विश्वाच्या रचनेवर, गतीवर, यंत्रशास्त्रावर कोणकोणते ग्रंथ लिहावयाचे आहेत त्यांची यादीच तो देतो. धन्याला अर्पण केलेल्या ग्रंथांवरच आपली भाकर मिळवावी अशी इच्छा तो प्रकट करतो. शेवटीं, जणूं सहज आठवण झाली म्हणून, एक मागणी घालतो : माझ्या हुद्द्यांत गणिती या शब्दाबरोबर तत्त्वज्ञ हा शब्द असावा, कारण शुद्ध गणितांत मी जितके महिने घालविले, त्याहून अधिक वर्षें तत्त्वज्ञानांत घालविलीं आहेत.

या शेवटच्या मागणीचें मर्म समजण्यास त्या काळच्या विद्यापीठांतील जातिभेद ध्यानीं घेतला पाहिजे. तत्त्वज्ञानाचा अध्यापक हा वरच्या पंक्तीचा, गणिताचा खालच्या. दोघांच्या वेतनांतहि तसेंच अंतर. जग खरोखर कसें आहे हें सांगण्याचा अधिकार तत्त्वज्ञाचा. गणित्यानें फक्त आंकडे जुळवून द्यावे. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते असें धरून गणित्यानें ग्रहांचीं स्थानें काढलीं तर कोणी आक्षेप घेत नसे, कारण ती केवळ हिशेबाची सोय. परंतु ती खरोखर फिरते, असें म्हणावयाचें तर तत्त्वज्ञ असावें लागे. म्हणून या एका शब्दाची मागणी मानाची तर होतीच, पण सत्य बोलण्याच्या अधिकाराचीहि होती. आमच्या मतें सबंध करारांत यापेक्षां दूरदृष्टीची आणि यापेक्षां धोक्याची दुसरी मागणी नाहीं.

दरबारानें सर्व मान्य केलें. १० जुलै १६१० च्या सनदेनें गॅलिलिओ पिसा विद्यापीठाचा प्रमुख गणिती आणि ग्रँड ड्यूकचा प्रमुख गणिती व तत्त्वज्ञ झाला. वेतन वर्षाला १००० स्कूदी. शिकविण्याचें बंधन नाहीं, पिसास राहण्याचेंहि नाहीं. सप्टेंबरांत तो फ्लॉरेन्सला गेला. पदुआ येथें अठरा वर्षें गेलीं होतीं. तेथेंच मारिना गांबा हिच्यापासून त्यास तीन मुलें झालीं होतीं. मारिना पदुआसच राहिली. दोघी मुली पुढें आर्चेत्री येथील मठांत गेल्या. वर्षापूर्वींच ज्यांनीं तहहयात नेमणूक दिली, त्या व्हेनिसच्या कांहीं सरदारांस त्याचें हें जाणें कृतघ्नपणाचें वाटलें. बदलीची किंमत कोणी ना कोणी देतोच. सनदेंत मात्र ती लिहिलेली नसते.

लाभहि खरा होता, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. फ्लॉरेन्सला आल्यावर थोड्याच महिन्यांत शुक्राच्या कला त्याच्या दृष्टीस पडल्या. १६११ मध्यें तो रोमला गेला तेव्हां तेथें त्याचा मोठा सत्कार झाला. पाण्यावर तरंगणाऱ्या पदार्थांविषयीं १६१२ मध्यें आणि सूर्यावरील डागांविषयीं १६१३ मध्यें त्याचीं पुस्तकें निघालीं. तत्त्वज्ञांशीं तो आतां बरोबरीच्या नात्यानें वाद घालूं लागला. करारांत जें जें मागितलें तें तें त्याच्या पदरीं पडलें. या अर्थानें इतका यशस्वी सौदा विद्वानांच्या चरित्रांत क्वचितच आढळेल.

परंतु एका मित्रास हा सौदा पसंत नव्हता. जिओव्हान्नी फ्रान्चेस्को साग्रेदो हा व्हेनिसचा सरदार गॅलिलिओचा जिवलग स्नेही. वाटाघाटी चालल्या तेव्हां तो अलेप्पो येथें व्हेनिसचा वकील होता. परत येऊन पाहतो तों मित्र निघून गेलेला. ऑगस्ट १६११ मध्यें त्यानें गॅलिलिओला जें पत्र लिहिलें, त्याचा भावार्थ असा : येथें होतें तसें स्वातंत्र्य, तशी स्वतःवरील सत्ता तुम्हांस आतां कोठें मिळणार? येथें तुम्ही आज्ञा करणाऱ्यांवरहि आज्ञा चालवीत होतां. चाकरी करावयाची ती फक्त स्वतःची. तुमचा आजचा धनी गुणी व उदार आहे हें खरें. पण दरबार हा वादळी समुद्र आहे, आणि मत्सराचे वारे कधीं सुटतील याची हमी कोण देईल? राजाचें आयुष्य आणि राजाची मर्जी यांवर कोणी भरंवसा ठेवावा? आणि ज्या ठिकाणीं जेझुइटांचें इतकें वजन आहे त्या ठिकाणीं तुम्ही असावें, याची मला फार चिंता वाटते.

हा शेवटचा इशारा पोकळ नव्हता. १६०६ मध्यें व्हेनिस आणि पोप यांच्यांत सत्तेचा मोठा झगडा झाला. पोपनें सबंध गणराज्यावर बहिष्कार घातला, आणि गणराज्यानें उलट जेझुइटांस हद्दपार केलें. त्या वेळीं राज्याची बाजू लेखणीनें लढविणारा पाओलो सार्पी यास रोमचें बोलावणें आलें. तो गेला नाहीं, आणि सरकारनें त्यास पाठविलाहि नाहीं. १६०७ मध्यें त्याच्यावर खुनी हल्ला झाला, त्यांतूनहि तो वांचला आणि १६२३ मध्यें मरेपर्यंत व्हेनिसच्याच आश्रयास राहिला. खुद्द गॅलिलिओविरुद्धहि १६०४ मध्यें पदुआच्या धर्मन्यायासनापुढें फिर्याद गेली होती, आणि व्हेनिसच्या अधिकाऱ्यांनीं ती पुढें जाऊं दिली नव्हती. हे कागद विसाव्या शतकाच्या अखेरीस उजेडांत आले. म्हणजे पदुआ येथें गॅलिलिओस वेतनाबरोबर आणखी एक वस्तु मिळत होती. ती पगारपत्रकांत लिहिलेली नव्हती, म्हणून हिशेबांतहि धरली गेली नाहीं.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. येथें फक्त नोकरीच्या अंगानें ती पाहूं. तत्त्वज्ञ ही पदवी मिळाल्यावर गॅलिलिओ तत्त्वज्ञाप्रमाणें बोलूं लागला. १६१६ मध्यें पृथ्वीच्या गतीच्या मताचा रोमनें निषेध केला आणि तें मत न बाळगण्याची व न प्रतिपादण्याची त्यास ताकीद दिली. १६२१ मध्यें कोझिमो ऐन तिशींत वारला; वारस फर्दिनांद दहा वर्षांचा, कारभार त्याच्या आई व आजी यांच्या हातीं. साग्रेदोचें भाकित खरें ठरलें, पण तें पाहण्यास तो उरला नव्हता. आदल्याच वर्षीं तो मरण पावला होता. १६३२ मध्यें गॅलिलिओचा विश्वरचनेवरील संवादग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीं रोमचें बोलावणें आलें. सत्तरीस टेकलेला आजारी मनुष्य. ड्यूकनें त्याच्यासाठीं पालखी दिली, रोममध्यें आपल्या वकिलाच्या घरीं उतरण्याची सोय केली, परंतु पाठवूं नये एवढें त्याच्यानें झालें नाहीं. पुढें दरबारानें कळविलें कीं, पाहुण्याचा खर्च पहिल्या महिन्यापुरताच सरकारी. तेव्हां वकील निक्कोलिनी यानें उत्तर दिलें कीं, बाकीचा मी माझ्या पदरचा करीन. २२ जून १६३३ रोजीं गॅलिलिओनें गुडघे टेकून आपलें मत सोडल्याची शपथ घेतली. १६४२ मध्यें मरण येईपर्यंत तो आर्चेत्री येथें नजरकैदेंत राहिला. दरबारी गणिती व तत्त्वज्ञ हा त्याचा हुद्दा या काळांतहि कायम होता. ड्यूकनें लेखी करार मोडला नाहीं. करारांत नव्हतें तेवढेंच दिलें नाहीं.

येथें एक रास्त शंका निघते. व्हेनिसनें तरी त्यास वांचविलें असतें काय? याच गणराज्यानें १५९३ मध्यें जिओर्दानो ब्रूनो यास रोमच्या हवालीं केलें आणि १६०० मध्यें तो जिवंत जाळला गेला, हें विसरतां येत नाहीं. परंतु ब्रूनो परका होता, राज्याच्या नोकरींत नव्हता. आणि ती गोष्ट १६०६ च्या झगड्यापूर्वींची. क्रेमोनिनी हा गॅलिलिओचा पदुआ येथील सहकारी. त्याच्यावरहि पाखंडाचे आरोप वारंवार आले, पण तो १६३१ पर्यंत पदुआ येथेंच जगला व मेला. तरीसुद्धां इतिहासांत जें घडलें नाहीं त्याविषयीं शपथ कोणी घेऊं नये. शिवाय पदुआ येथील गॅलिलिओस तत्त्वज्ञ ही पदवीहि नसती आणि तो निवांत वेळहि नसता. कदाचित ज्या ग्रंथासाठीं खटला झाला तो लिहूनच झाला नसता. इतकेंच म्हणतां येईल कीं, ज्या वस्तूची त्यास १६३२ मध्यें सर्वांत अधिक गरज पडली, ती वस्तु १६१० मध्यें त्याच्यापाशीं होती, आणि सौदा करतांना ती आपल्यापाशीं आहे याची जाणीव त्यास राहिली नाहीं.

आणि यांत आश्चर्य तरी काय? जें नित्य मिळतें त्याची गणना मनुष्य करीत नाहीं. आज आमच्या विद्यार्थ्यांपैकीं एखाद्यास मोठ्या नोकरीचें पत्र येतें, तेव्हां तो आंकडा पाहतो, हुद्दा पाहतो, रजा व राहण्याची सोय पाहतो. हें सर्व पाहावेंच, गॅलिलिओनेंहि पाहिलें. परंतु आपण जें सोडून जात आहों त्याचीहि एक यादी करावी, असें आम्ही त्यास सांगूं. आपल्यावर आळ आला तर येथें आपल्यामागें कोण उभें राहतें, आणि तेथें कोण राहील? तें उभें राहणें एका माणसाच्या मर्जीचें आहे, कीं एखाद्या संस्थेच्या रीतीचें? नवा धनी उद्यां नसला तर त्याचा वारस आपलें नांव ओळखील काय? या प्रश्नांचीं उत्तरें सनदेंत कोणी लिहून देत नाहीं. तीं ज्याचीं त्यानेंच शोधावीं लागतात, आणि सहीपूर्वीं शोधावीं लागतात.

नजरकैदेंत असतांना गॅलिलिओनें आपला शेवटचा आणि बहुतेकांच्या मतें सर्वांत थोर ग्रंथ पुरा केला. गतीविषयींचे पदुआ येथें केलेले प्रयोग त्यांत आहेत. त्याचा आरंभ व्हेनिसच्या जहाजांच्या कारखान्याच्या उल्लेखानें होतो, आणि संवाद करणाऱ्या तिघांपैकीं एकाचें नांव साग्रेदो आहे. ग्रंथ छापावयाचा कोठें, हा प्रश्न पडला तेव्हां टस्कनीच्या राजतत्त्वज्ञास टस्कनींत मुद्रक मिळाला नाहीं. तो १६३८ मध्यें हॉलंडांतील लायडन येथें छापला गेला. पुढें १६४० मध्यें, दृष्टि गेलेली असतां, पदुआच्या एका विद्वानास पाठविलेल्या पत्रांत त्यानें कळविलें कीं, आपल्या सबंध आयुष्यांतील उत्तम अशीं अठरा वर्षें त्या गांवीं गेलीं.